पुठ्ठ्याचे फी-यंत्र

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठ्याचा खोका आहे, आणि हे सांगताना मी मान खाली घालणार नाही. आमच्या कचेरीत लोखंडी कपाटे आहेत, संगणक आहेत, गोल फिरणाऱ्या खुर्च्या आहेत. त्यांना वर्षातून एकदा क्रमांकाची पट्टी चिकटवतात. मला कधी क्रमांक मिळाला नाही. तरीही या विद्यापीठातले हजारो विद्यार्थी आज ज्या यंत्रणेतून फी भरतात, तिचा थोरला भाऊ मी आहे. ती मला ओळख देत नाही. न देवो.

माझा जन्म कागदाच्या कारखान्यात झाला. पुठ्ठा म्हणजे काय, हे तुम्ही कधी कडेने नीट पाहिले आहे का? वर एक सरळ कागद, खाली एक सरळ कागद आणि मध्ये एक नागमोडी कागद. एकटा कागद हातात धरला तर वाकतो. पण त्यालाच नागमोडी करून दोघांच्या मध्ये चिकटवले, की त्याच्यावर वजन ठेवता येते. माझी सगळी ताकद त्या मधल्या वाकड्या भावाची आहे. सरळ लोकांनी हे लक्षात ठेवावे.

माझ्या पोटात एक छपाईयंत्र घालून मला विद्यापीठाच्या फी विभागात आणले. माझ्या अंगावर लाल अक्षरांत ‘नाजूक’ असे छापले होते. यंत्र बाहेर काढल्यावर मला जिन्याखाली लोटून दिले. नाजूक कोण आहे, याची चौकशी कोणी केली नाही.

त्या वेळी फी विभागात एकच खिडकी होती. तिच्यापुढची रांग व्हरांड्यातून वळून पार सायकलींच्या छपरापर्यंत जाई. अर्जाच्या तीन प्रती लागत. खिडकीवर सही, दुसऱ्या मजल्यावर शिक्का, पुन्हा खिडकीवर पावती. खिडकीमागे बावीस वर्षे एकच बाई बसत होत्या. त्यांना सगळे खिडकीबाई म्हणत. त्या चेहरा न बघता नुसत्या हातावरून विद्यार्थी कोणत्या शाखेचा ते सांगत. शाईचे डाग असले की चित्रकला, पिवळी बोटे असली की रसायन. मात्र रांग त्यांनाही आवरत नव्हती. दरवर्षी शेदीडशे मुलांचे तास बुडत आणि पाचसातजण तरी रांगेतच चक्कर येऊन पडत.

शेवटी विद्यापीठाने ठरवले, की फी संगणकावरून भरता यावी. त्या कामासाठी एक तरुण मुलगी नेमली. ती पदार्थविज्ञान शिकली होती, त्यामुळे तिला जे दिसेल ते मोजायची सवय होती. विद्यार्थी तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो.

ताईने मला जिन्याखालून बाहेर ओढले आणि माझ्या पोटाला सुरीने दोन तळहातांएवढी चौकट कापली. चौकटीच्या दोन्ही बाजूंना फटी पाडल्या. मग तिने जाड कागदावर पेन्सिलीने पाने काढली. पहिल्या पानावर ‘नाव लिहा’, दुसऱ्यावर ‘शाखा निवडा’, असे करत सात पाने. विद्यार्थी माझ्यासमोर खुर्चीवर बसे आणि कागदावर काढलेले बटण बोटाने दाबे. माझ्यामागे ताई ठेंगण्या स्टुलावर बसलेली असे. ती एका भोकातून बोट कुठे टेकले ते पाही, एका फटीतून जुने पान ओढून घेई आणि दुसऱ्या फटीतून नवे पान सरकवी. झाले यंत्र. वीज नको, तार नको.

लोक हसायचे तेवढे हसले. फी विभागाच्या मोठ्या साहेबांनी तर दारातच विचारले, की विद्यापीठ ताईला पगार देते तो चित्रे काढायला का. ताई स्टुलावरून उठलीसुद्धा नाही. पुठ्ठ्यावरची चूक खोडरबराने पुसता येते साहेब, म्हणाली, यंत्रणेतली पुसायला वर्ष लागेल. साहेब गेले. मला तेव्हाच कळले, की मी चांगल्या हातात पडलो आहे.

मित्रांनो, मी त्रेचाळीस विद्यार्थी पाहिले. त्यांची बोटे माझ्या छातीवर अडखळली, आणि प्रत्येक अडखळण्यातून आम्ही शिकलो. माझ्या पहिल्या पानावर नावाखालीच ‘पावती क्रमांक’ विचारला होता. पावती फी भरल्यावर मिळते, हे कोणाच्या लक्षातच आले नव्हते. अकरा जण तिथेच बसून राहिले. बारावा म्हणाला, “ताई, हे म्हणजे लग्नाआधी नातवाचं नाव विचारण्यासारखं आहे.” ताईने ते पान त्याच्यासमोरच फाडले.

खिडकीबाई आठवडाभर माझ्या वाऱ्यालाही उभ्या राहिल्या नाहीत. हा खोका आपली खुर्ची खाणार, असे त्यांनी मनाशी पक्के केले होते. एके दुपारी डबा खाऊन झाल्यावर त्या सहज आल्यासारख्या आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि चौथे पान वाचून म्हणाल्या, “शुल्कशीर्ष निवडा? अगं, बावीस वर्षांत एका पोरानं मला शुल्कशीर्ष विचारलं नाही. ती विचारतात, बाई, मला किती भरायचेत?”

ताईने चौथे पान पुसले आणि त्यावर मोठ्या अक्षरांत एकच ओळ लिहिली : तुम्हाला इतके भरायचे आहेत. त्या दिवसापासून बाई रोज डबा खाऊन माझ्याकडे येऊ लागल्या. अर्धी पाने त्यांच्या शब्दांत लिहिली गेली आहेत, पण अहवालात त्यांचे नाव नाही. माझेही नाही. आम्ही दोघे एकमेकांना पुरतो.

आता एक गोष्ट लक्ष देऊन ऐका. ताई प्रत्येक विद्यार्थ्याला लागलेला वेळ सेकंदाच्या घड्याळाने मोजत असे. सहाव्या पानावर अशी पायरी होती, की ज्याच्या खात्यातून पैसे जायचे त्याच्या मोबाइलवर एक सहा आकडी क्रमांक येणार, आणि तो माझ्यावर लिहायचा. खरी यंत्रणा तर अजून झाली नव्हती. म्हणून ताई स्वतःच्या मोबाइलवरून एक मनाने रचलेला क्रमांक पाठवी. काहींच्या खिशातच मोबाइल वाजे. पण पुष्कळांचे खाते आईच्या किंवा वडिलांच्या नावावर होते. ती मुले घरी फोन लावत. आई भाजी चिरत असे, वडील कामावर असत, कोणाची मावशी उचले आणि आधी परीक्षा कधी आहे ते विचारी. त्या वेळात ताई काय करी? ती घड्याळ थांबवी. विज्ञान शिकलेली ना ती. घरचा फोन हा काही यंत्रणेचा वेळ नाही, तो मोजणीत मिसळला तर मोजणी अशुद्ध होईल, असे तिला वाटे. ती वहीत बारीक अक्षरांत ‘फोन, घड्याळ बंद’ असे लिही, आणि क्रमांक आला की पुन्हा चालू करी.

त्या वेळात ताई माझ्यामागे नुसती बसून राही. घाई करत नसे. मीही थांबत असे. आमच्याकडून थांबणे इतके सहज होत होते, की ते काम आहे हे आम्हा दोघांनाही कळले नाही.

मग माझे चांगले दिवस आले. समिती आली, माझे फोटो काढले गेले, एका पाहुण्याने माझ्या डोक्यावर थोपटले. सर्वांत हळू विद्यार्थ्यालाही चार मिनिटे दहा सेकंदच लागली, असे ताईच्या तक्त्यात दिसत होते. विद्यापीठाचे संगणक भर प्रयोगशाळेत असतात. एखाद्याचे पान उघडे राहिले तर दुसरा कोणी त्यात हात घालेल, अशी साहेबांना भीती होती, आणि ती खोटी नव्हती. म्हणून त्यांनी ठरवले, की पाच मिनिटांत फी भरून झाली नाही तर पान आपोआप बंद व्हावे. तीनदा असे झाले तर खाते दुसऱ्या सकाळपर्यंत कुलूपबंद. चाराला पाच देतो आहोत, म्हणजे उदारच आहोत, असे ते म्हणाले.

माझ्यावरून खरी यंत्रणा बनवायचे काम एका चष्मेवाल्या तरुणाकडे होते. तो फार इमानी होता. त्याने माझे एकेक पान जसेच्या तसे उतरवून घेतले. तिसऱ्या पानावर ताईच्या चहाच्या कपाचा गोल डाग पडला होता. त्याने तोही काढला. मोठ्या साहेबांना ती नक्षी इतकी आवडली, की ती त्यांनी सगळ्या पानांवर घालायला लावली. आजही तुम्ही फी भरायला बसलात, तर कोपऱ्यात एक फिकट तपकिरी वर्तुळ दिसेल. तो डाग आहे. पण चष्मेवाल्याने माझे थांबणे मात्र उतरवले नाही. ते कोणत्या पानावर काढलेलेच नव्हते.

यंत्रणा सुरू झाली. खिडकीला आतून फळी ठोकली. बाईंना कागद लावायच्या कामावर बसवले. मला दोन कपाटांच्या फटीत उभे केले. कोणी माझ्यात मोडक्या छत्र्या ठेवू लागले. पण छत्र्यांचे पाणी आपल्या नागमोडी भावापर्यंत पोचू द्यायचे नाही, एवढे मी मनाशी ठरवले होते.

फी भरायच्या शेवटच्या दिवशी, दुपारी साडेतीनला, दुसऱ्या वर्षाची एक मुलगी फी विभागात आली. फळी ठोकलेल्या खिडकीपुढे ती बराच वेळ उभी राहिली. बाईंनी तिला आत बोलावले. मुलीचे वडील बंदरावर क्रेन चालवत. क्रेनच्या खोलीत मोबाइल नेण्यास मनाई, त्यामुळे तो खाली मुकादमाच्या टपरीत असे, पण उघडे तो वडिलांच्याच अंगठ्याने. मुलीने फोन केला की मुकादम शिट्टी वाजवी, आणि वडील लोखंडी शिडीने खाली येत. शिडीला एकशे बारा पायऱ्या होत्या. मुलीने सकाळपासून तीनदा प्रयत्न केला होता. तिसऱ्या वेळी पान बंद झाले तेव्हा वडील शिडीच्या मध्यावर होते. आता खाते सकाळपर्यंत बंद. आणि पाच वाजता फी न भरलेल्यांची नावे परीक्षेच्या यादीतून जाणार. म्हणजे तिचे वर्ष जाणार.

मुलगी रडत नव्हती. ती फक्त पुन्हा पुन्हा सांगत होती, की पैसे आहेत, बाबांनी कालच भरून ठेवले आहेत, पैशांचा प्रश्नच नाही.

ताईने ऐकले. तिने टेबलाच्या खणातून जुनी वही काढली आणि बोट ठेवत ठेवत एकेक ओळ पाहिली. ‘फोन, घड्याळ बंद.’ ‘फोन, घड्याळ बंद.’ तिने मोजले. एकोणीस. मी फटीतून तिचा चेहरा पाहत होतो. आपल्याच हाताने नीटनेटकी केलेली चूक दिसली, की माणसाचा चेहरा कसा होतो ते मी तेव्हा पाहिले.

ताई उठली. तिने माझ्यातल्या छत्र्या जमिनीवर ओतल्या, खणातली माझी सात पाने घेतली, मला काखेत मारले आणि ती साहेबांच्या खोलीत शिरली. मागून मुलगी, आणि तिच्यामागे हातातले कागद टाकून बाई. ताईने मला साहेबांच्या टेबलावर, त्यांच्या आणि त्यांच्या चहाच्या मध्ये ठेवले.

साहेब म्हणाले, हे अडगळीचं सामान बाहेर न्या. कोणी हलले नाही. मीही हललो नाही. सगळे ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, एका मुलीसाठी यंत्रणा बदलत नसतात, तक्ता तुमचाच आहे.

“तक्ता चुकलाय,” ताई म्हणाली. “मी चुकवलाय. एक नाही साहेब, त्रेचाळीसातले एकोणीस. त्यांना घरी फोन लावायला जो वेळ लागला, तो मी काढून टाकला होता.”

“का?”

“आकडे स्वच्छ दिसावेत म्हणून.”

मग ताईने आपले घड्याळ त्यांच्या हातात दिले आणि सांगितले, की फक्त मोजा, आणि काही झाले तरी थांबवू नका. ती टेबलामागे गेली आणि, स्टूल नव्हते म्हणून, गुडघ्यांवर बसली. मुलगी माझ्यासमोर बसली. पहिली पाच पाने दोन मिनिटांत झाली. सहावे पान आले. ताईने तिच्या वडिलांच्या मोबाइलवर एक क्रमांक पाठवला. मुलीने फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

मुकादमाने फोन उचलला. चौथ्यांदा होय गं, म्हणाला, आणि शिट्टी ऐकू आली. मग बराच वेळ नुसता वारा आणि लोखंडावर पडणाऱ्या बुटांचा आवाज. ठण. ठण. ठण. साहेबांच्या हातातले घड्याळ पाच मिनिटांच्या पुढे गेले, तेव्हा त्यांचा अंगठा आपोआप बटणाकडे सरकला. बाई त्यांच्या कानाशी म्हणाल्या, “थांबवू नका म्हणाली ती.” बावीस वर्षांत त्या साहेबांशी इतक्या जवळून बोलल्या नव्हत्या.

शेवटी धापा टाकणारा आवाज आला. “बोल बाळा. आकडा ना? थांब हं... अगं, चष्मा वरच राहिला.”

खोलीत कोणी हसले नाही. वडिलांनी अंगठा लावून मोबाइल उघडला आणि मुकादमाला दिला. मुकादमाने आधी भलताच संदेश वाचला, मग बरोबर वाचला. मुलीने माझ्यावर पेन्सिलीने सहा आकडे लिहिले. ताईने सातवे पान सरकवले : फी भरली. धन्यवाद.

साहेबांनी घड्याळ टेबलावर ठेवले. चौदा मिनिटे वीस सेकंद.

“ह्यात तिचा हळूपणा कुठं आहे?” बाईंनी विचारले. “पोरगी दोन मिनिटांत मोकळी झाली होती. बाकीची सगळी शिडी आहे.”

साहेब कपाळ चोळत म्हणाले, शेवटची तारीख वाढवायला समिती बोलवावी लागेल, आणि आता सव्वाचार वाजलेत.

“तारीख नको,” ताई म्हणाली. “मिनिटं द्या.”

मित्रांनो, मी पुष्कळ बैठका पाहिल्या आहेत. त्यात इतके लहान वाक्य कोणी बोललेले मी ऐकले नाही. साहेबांनी चष्मेवाल्याला बोलावले. वेळ बदलायला किती वेळ लागेल, असे विचारल्यावर तो बिचारा संकोचून म्हणाला, एक आकडा आहे साहेब, पाचाच्या जागी पंचेचाळीस लिहायचे. त्याने ते लिहिले. मुलीच्या खात्याचे कुलूपही काढले. आणि मुलीने वडिलांना सांगितले, “बाबा, आता वर जाऊ नका. खालीच थांबा.” मुकादम मागून म्हणाला, की हा जातोय कुठं, मी शिडीलाच टेकून उभा आहे.

साहेबांच्याच संगणकावर तिने फी भरली. चार वाजून सव्वीस मिनिटे झाली होती. पावती छापणाऱ्या यंत्राने कुरकुर करत कागद बाहेर सोडला. मुलीने तो दोनदा वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला. नंतर तिने सगळ्यांचे आभार मानले. माझे मानले नाहीत. खोक्याचे आभार कोण मानते? पण मी तिथे होतो, आणि मी नसतो तर साहेबांनी त्या एकशे बारा पायऱ्या कधी ऐकल्या नसत्या. हे मी कोणासमोरही सांगेन.

पुढच्या महिन्यात ताईने माझ्यासाठी आठवे पान काढले. त्यावरचे शब्द बाईंचे आहेत : घरी फोन करताय? करा. तुम्ही भरलेलं सगळं जपून ठेवलंय, आम्ही थांबलोय. हे पान आधी माझ्यावर तपासले, सव्वीस मुलांवर, आणि घड्याळ एकदाही न थांबवता. मग ते यंत्रणेत गेले. आता पान थोडा वेळ झाकले जाते, म्हणजे दुसऱ्याला दिसत नाही, पण पुसले जात नाही. साहेबांच्या भीतीचा मानही राहिला आणि मुलांची मिनिटेही राहिली. खिडकीची फळी काढली. ज्यांना संगणकाचे जमत नाही त्यांच्यासाठी बाई रोज दोन तास तिथे बसतात.

मी मात्र पुन्हा कपाटांच्या फटीत आहे. माझा एक कोपरा कसरीने खाल्ला आहे. चौकटीची कड बोटे लागून लागून मऊ पडली आहे. ताई आता दुसऱ्या शहरात रुग्णालयासाठी असेच काहीतरी बनवते. गेल्या आठवड्यात सफाई करणाऱ्या मामांनी मला उचलून पाहिले आणि हे टाकायचे का, म्हणून विचारले. कोणी उत्तर दिले नाही. उत्तर न मिळणे म्हणजे अजून एक आठवडा, हे मला अनुभवाने माहीत आहे.

माझ्या जातीच्या वस्तू गोष्टीच्या शेवटी हात जोडून म्हणतात, आम्हाला जपा, आमची आठवण ठेवा. मी तसे म्हणणार नाही. मला फाडा, भिजवा, लगदा करा. माझ्यातून पुन्हा कागद होईल आणि त्यातला एखादा पुन्हा नागमोडी होईल. पण तुम्ही उद्या मोठे होऊन इतरांसाठी काहीही बनवायला घ्याल, यंत्र, नियम, अर्ज, दरवाजा, तेव्हा आधी एक खोका कापा. मागे बसा. समोर माणूस बसवा आणि त्याला लागेल तितका सगळा वेळ मोजा, त्याच्या घरचा, त्याच्या शिडीचा, त्याच्या वर राहिलेल्या चष्म्याचासुद्धा. तुमचा तक्ता त्यामुळे कुरूप दिसेल. दिसू द्या.

आणि कोणी हसले, तर रागावू नका. जो सर्वांत मोठ्याने हसेल, त्यालाच सर्वांत आधी समोर बसवा.